उलट्या बाजूची जोडी

स्केटिंगमधली जोडी म्हणजे काय, हे मला आजवर सगळ्यांत जास्त वेळा लग्नाच्या मांडवात समजावून सांगावं लागलंय. कुणीतरी नातेवाईक ओळख करून देतो, "हा आमचा बालाजी. चाकाच्या बुटांवर नाचायचा, नॅशनलला जायचा." ऐकणारा मान डोलावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "बर्फावर?" मी सांगतो, हैदराबादेत बर्फ उसाच्या रसात मिळतो, तेवढाच. मग दुसरा प्रश्न येतो. "जोडी म्हणजे सोबत मुलगी?" हो. "मिसेस का?" नाही. यानंतर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं, ते पाहून मी जेवणं सुरू झालीत का याची चौकशी करायला निघतो.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुमच्या कामाचे अनुभव लिहा" असा निरोप आला, तेव्हा स्केटिंगला काम म्हणावं का, असा प्रश्न मलाच पडला. त्याला पगार नव्हता. वडिलांच्या मते तर दुकानाच्या कामात तो खोडा होता. पण मिसरूड फुटल्यापासून पंचविशीपर्यंत रोज सकाळी मी जे केलं, ते कामच होतं, कारण मन नसलं तरी करावं लागायचं. आता मी त्याच रिंकवर मुलांना शिकवतो आणि दुपारनंतर अफझलगंजच्या आमच्या ताडपत्री-दोरखंडाच्या दुकानात बसतो. माझी शाळा इंग्रजी आणि तेलुगूतली, मराठी घरातलं. तेव्हा लेख नीट वाटला तर तो बायकोनं तपासलाय असं समजा.

आधी धंद्याची ओळख करून देतो. आमच्या बुटाखाली चार चाकं असतात, पुढं दोन, मागं दोन, आणि चवड्याखाली रबराचा गट्टू. त्याला स्टॉपर म्हणतात. या चाकांवर शर्यतही लावतात आणि संगीतावर नाचतातही. नाचण्याच्या प्रकारात एकेकटे असतात, तशी जोडीही असते. जोडीला तीन मोठी कामं. पहिलं लिफ्ट, म्हणजे मुलानं मुलीला डोक्याच्या वर उचलायचं आणि उचललेलं असताना स्वतः चाकांवर गरगर फिरायचं. दुसरं थ्रो. मुलीला कमरेला धरून फेकायचं, तिनं हवेत गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर, मागं सरकत उतरायचं. तिसरं दिसायला सगळ्यांत साधं: दोघांनी हात न धरता, शेजारी शेजारी, एकाच क्षणी तीच उडी मारायची. लिफ्ट बिघडली तर मुलानं खाली पडायचं आणि मुलीनं त्याच्यावर, हा अलिखित कायदा आहे. तो पाळल्यामुळे माझ्या पाठीला पाऊस येणार असला की आधी कळतं.

आमचं रिंक सिमेंटचं आणि उघडं. भोवती कडुनिंबाची झाडं. सावलीला छान, पण चाकाखाली कडुनिंबाची एक काडी आली की चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस पुढं जातो. त्यामुळे रोजचं पहिलं काम म्हणजे झाडू. आमच्या गावातला प्रत्येक पदकविजेता उत्तम झाडतो. स्टेडियमच्या लाकडी फरशीवर सराव करणाऱ्या शहरांतली मुलं आमचं हे ऐकून हसायची.

आमचे वाहेद सर मूळचे शर्यतीतले. स्केटिंगमधलं नाचणं त्यांना फारसं पसंत नव्हतं. पण राज्यात जोडी या प्रकारात कुणीच उतरत नव्हतं आणि सरांचं गणित सरळ होतं.

"जोडी में कोई हैच नहीं मियाँ," ते मला म्हणाले. "दो जने खाली खड़े हो गए तो बी स्टेट का मेडल आ जाता."

दोन जणांपैकी मी का, तर दुकानात गठ्ठे उचलून माझे खांदे तयार होते. आणि गार्गी का, तर ती अंगानं हलकी होती आणि पडल्यावर रडत नव्हती. गार्गीचे वडील जामबागचे जुने वकील. घराण्यात सगळे कोर्टात, शाळेत नाहीतर सरकारी कचेरीत. मुलीला एका परक्या मुलानं उचलायचं, हे ऐकून ते स्वतः रिंकवर आले. माझी उलटतपासणीच घेतली.

"आपण कोठले?" त्यांनी विचारलं. मला तोवर 'आपण' कुणी म्हटलं नव्हतं.

"नांदेडकडचे काका. आता मलकपेठला असतो."

"म्हणजे मराठी. उत्तम." ते बाकावर बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. पहिला पूर्ण हंगाम ते त्या बाकावरून हलले नाहीत. वर्तमानपत्राचं पान मात्र कधी उलटायचं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष माझ्या हातांवर असायचं.

आम्ही दोघं मराठी, पण आमच्या मराठीत मुसी नदीएवढं अंतर होतं. मी चुकलो की सर दखनीत शिव्या घालायचे, त्या मला समजायच्या. गार्गी छापील मराठीत रागवायची. मी खाली पडलोय, ती माझ्यावर पडलीय, कोपर सोललंय, आणि ती म्हणतेय, "बालाजी, तू अत्यंत निष्काळजी आहेस." मला आधी हसू यायचं, त्यावरून ती आणखी चिडायची.

आता शिकवायचं कुणी, हा प्रश्न होता. सरांना जोडीतलं ओ का ठो माहीत नव्हतं. त्यांनी एका कॉम्प्युटरवाल्याकडून इंटरनेटवरचे व्हिडिओ सीडीवर उतरवून आणले. परदेशातली कुठलीतरी मोठी स्पर्धा होती, चकाचक हॉल, आणि जोड्या अशा फिरत होत्या की पाहताना तोंडाला कोरड पडावी. तीच सीडी आमचं पाठ्यपुस्तक. सर एकेक हालचाल थांबवून पाहायचे, कागदावर बाणांची चित्रं काढायचे आणि आम्हाला उभं करायचे. ती डाव्या हातानं धरते ना, तू बी डाव्या हातानं धर. तो इकडून वळतो ना, तू बी इकडूनच वळ. तसूभर फरक चालायचा नाही.

हॉलच्या कडेनं फलक लावलेले होते, त्यांवरची अक्षरं आम्हाला लागायची नाहीत. एकदा वकीलकाकांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "ही रशियन लिपी असावी." आम्हाला अभिमान वाटला. रशियन लोकांकडून शिकतोय म्हणजे काय!

राज्याचं पदक सरांच्या गणिताप्रमाणे आलंच. मग आम्ही पहिल्यांदा नॅशनलला गेलो. तिथं स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्या जोड्यांना एकत्र सराव असतो. आम्ही झोकात रिंकवर उतरलो आणि पहिल्याच फेरीत समोरून येणाऱ्या जोडीवर जवळजवळ आदळलो. सॉरी म्हणालो. पुढच्या वळणावर दुसरी जोडी अंगावर आली. मग तिसरी. सगळं रिंक एका बाजूनं वाहत होतं आणि आम्ही दोघं त्याच्या विरुद्ध. माइकवरच्या माणसानं आवाज दिला, "हैदराबादवाले! इधर भी राँग साइड?" सगळा हॉल हसला. आमच्या शहरात राँग साइडनं गाडी चालवण्याची कीर्ती इतक्या दूर पोचली असेल, असं मला वाटलं नव्हतं.

एका वयस्क पंच बाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. तुम्हाला कुणी शिकवलं, म्हणून विचारलं. सरांनी सीडीची गोष्ट सांगितली. बाईंनी सीडी पाहायला मागितली, कुणाच्या तरी लॅपटॉपवर ती लावली. मिनिटभर पाहिलं. मग पर्समधून छोटा आरसा काढला आणि पडद्यासमोर धरला. आम्ही तिघं आरशात वाकून पाहायला लागलो. रशियन लिपी सरळ झाली होती. इंग्रजी होती. कुठल्यातरी शीतपेयाची जाहिरात होती.

व्हिडिओ इंटरनेटवर टाकणाऱ्यानं तो डावा-उजवा उलटा करून टाकला होता. चोरून टाकलेला व्हिडिओ मूळ मालकाला सापडू नये म्हणून असं करतात, हे पुढं कळलं. बहुतेक सगळे स्केटर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. शर्यतीही तशाच पळतात, पण नाचाची दिशा वेगळी असेल, असं सरांनी धरलं होतं. आम्ही घड्याळाच्या दिशेनं शिकलो होतो. लिफ्ट, थ्रो, उड्या, गिरक्या, सगळंच.

"आप लोगों ने शीशा सीख लिया है," बाई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं होतं.

सरांचा चेहरा पडला. पण तो माणूस शर्यतीतला. त्यांनी एवढंच विचारलं, "रूल में मना है क्या मॅडम?"

"मना तो नहीं है."

"फिर चलते जी." आणि आम्हाला म्हणाले, "जाओ. जो आता सो करो."

आम्ही केलं. शेवटून दुसरे आलो. पण आमच्याकडे लोकांनी पाहिलं, हे मात्र खरं. सगळ्या जोड्या एकसारख्या, आणि मध्येच एक जोडी आरशातून बाहेर आल्यासारखी. त्या वर्षापासून आमचं नाव पडलं ते 'उलटी जोडी'. अंगात बसलेलं सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून शिकण्यापेक्षा आम्ही तसंच चालू ठेवलं. दर वर्षी आम्ही थोडे वर सरकलो. चौथे आलो, एकदा तिसरेही. त्याच्या वर मात्र कधी गेलो नाही. सरावात इतर प्रशिक्षक आमची तक्रार करायचे, म्हणून बाकीचे रिंक सोडेपर्यंत आम्हाला कडेला थांबावं लागायचं. गार्गीच्या उड्या उंच जायच्या, पण उतरताना चाकं खर्रकन वाजायची. पंचांना तो आवाज आवडत नाही. सर त्या आवाजावरून तिला वर्षानुवर्षं बोलणी घालायचे आणि ती वर्षानुवर्षं मान खाली घालून ऐकायची.

आता एक गंमत सांगतो. पावसाळ्यात उघडं रिंक बंद, म्हणून आम्ही एका फंक्शन हॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये सराव करायचो. खांबांच्या मधून लिफ्ट करत जायचं म्हणजे तारेवरची कसरत. हॉलचे मालक दिलदार होते, जागेचं भाडं घेत नव्हते. पण एकदा त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं आणि त्यांनी हक्कानं सांगितलं, नवरा-नवरीच्या पुढं तुम्ही दोघं चाकांवर फुलं उधळत या. नाही कसं म्हणायचं? आम्ही गेलो, आणि हौसेनं फुलांच्या जोडीला एक लिफ्टही ठेवली. फरशी संगमरवरी, तिच्यावर कुणीतरी बिर्याणीची थाळी सांडलेली. तूप पुसलं होतं, पण तूप पुसल्यावरही असतंच. मी एका पायावर गेलो तो गेलोच. तशातच गार्गी माझ्या हातांवर उचललेली आणि वर काचेचं भलंमोठं झुंबर. ती वर कशी वाकली मला दिसलं नाही. तिचं वजन सरकलं, त्यावरून मला समजलं आणि मी गुडघे मोडले. झुंबराचे लोलक किणकिणले, लोकांना वाटलं तो कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या पडल्या.

खाली उतरल्यावर नवरीच्या एका आत्याबाईंनी गार्गीचा हात धरला. "क्या जोडी है माँ! शादी कब कर रैं?"

"नक्को आंटी," गार्गी म्हणाली. छापील मराठीवाली गार्गी दखनीही झकास बोलायची. "ये मेरेकु रोज गिराता. शादी में क्या करता मालूम नहीं."

लोक विचारतातच, म्हणून लिहून टाकतो. तसं काही नव्हतं. रोज सकाळी एकमेकांचा घाम, औषधांचे वास आणि शिव्या वाट्याला आल्या की दुसऱ्या माणसाबद्दल जे वाटायला लागतं, त्याला प्रेम म्हणता येत नाही. आपल्या उजव्या पायाबद्दल आपल्याला काय वाटतं? काहीच वाटत नाही. तो असतो.

मग ते वर्ष आलं. गार्गी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा झाली की नोकरी, आणि स्केटिंग बंद, असं घरी ठरलं होतं. त्या वर्षी आशियाई स्पर्धेसाठी भारताची एकच जोडी जाणार होती, निवड चाचणीत जी पहिली येईल ती. आमचा पहिला नंबर येण्यासारखा नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि तेव्हाच उत्तरेकडच्या एका शहरातून गार्गीला फोन आला. तिथला मुलगा जोडीतला चॅम्पियन. त्याच्या जोडीदारणीचा गुडघा गेला होता. त्याच्या प्रशिक्षकांनी गार्गीला बोलावलं होतं. म्हणाले, तुझी उडी आम्हाला हवी आहे. अट एकच: येशील तेव्हा सरळ होऊन ये. आमच्याकडे तुला फिरवत बसायला वेळ नाही.

सरळ होणं एकटीनं जमण्यासारखं नव्हतं. उडी एकटीला शिकता येते, पण लिफ्ट आणि थ्रोला उचलणारा, फेकणारा माणूस लागतो. आणि तोही विरुद्ध बाजूनं फेकणारा. गार्गी मला हे बोलली नाही. पंधरा दिवस काही झालंच नाही असं दाखवत रोज आमच्या बाजूनं फिरत राहिली.

बोलायला वकीलकाका आले, ते थेट दुकानात. वडिलांनी त्यांना ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसवलं, समोरून चहा मागवला. काकांनी कोर्टात मांडावी तशी बाजू मांडली.

"मी आपल्याकडे एक विनंती घेऊन आलो आहे, बालाजी. गार्गी ती स्वतः करणार नाही. तिला त्या बाजूची तयारी करून द्यावी, अशी ती विनंती आहे. यात आपलं नुकसान आहे, हे मला मान्य आहे. ती गेली की आपल्याला दुसरी जोडीदार मिळणं शक्य नाही, हेही मी जाणतो. तिला ही एकच संधी आहे. आपण नाही म्हणालात तरी मी ते योग्यच समजेन."

ते गेल्यावर वडिलांनी चहाचे कप बाजूला सारले. ते कधी रिंकवर आले नव्हते, पण व्यवहार त्यांना लगेच समजला.

"म्हंजे आपलंच गिऱ्हाईक हात धरून दुसऱ्याच्या दुकानात नेऊन सोडायचं म्हन की."

"तसंच, बाबा."

"मंग? करायलास का?"

"करावं म्हणतोय."

"येडा हाईस," ते म्हणाले. पण सकाळी लवकर जायला स्कूटर वापर, असंही म्हणाले. ती स्कूटर ते कुणाला देत नसत.

दुसऱ्या दिवशी मी गार्गीला म्हटलं, "चल, आजपासून त्या बाजूनं." तिनं माझ्याकडे पाहिलं. आभारबिभार काही मानले नाहीत, झाडू घेतला आणि रिंक झाडायला लागली. मला वाटतं तिनं ते दोनदा झाडलं.

लिफ्ट आणि फेकणं हे हातांचं काम. गठ्ठा उजव्या खांद्यावरचा डाव्यावर घ्यावा, तसं मी ते हळूहळू फिरवलं. गार्गी पहिले काही दिवस पडत राहिली. मग एका सकाळी मी तिला त्या बाजूनं फेकलं आणि चाकांचा आवाज ऐकायला कान लावला. आवाज आला नाही. मला वाटलं ती कठड्यापलीकडं पडली. वळून पाहिलं तर ती रिंकच्या पार टोकाला होती, एका पायावर, हात पसरून, मागं सरकत चाललेली. इतकी उंच ती कधी गेली नव्हती आणि इतकी हलकी कधी उतरली नव्हती.

"अरे बालाजी," ती तिकडूनच ओरडली, "हे किती सोपं आहे!"

मला फार वाईट वाटलं. तिच्या जाण्याचं दुःख मी आधीच करून ठेवलं होतं, हे निराळं होतं. ही मुलगी त्याच बाजूची होती. एवढी वर्षं ती स्वतःच्या अंगाविरुद्ध फिरत होती आणि तरीही तिसरा नंबर आणत होती. सरांनी ज्या आवाजासाठी तिला बोलणी घातली, तो तिचा दोष नव्हता. तो त्या सीडीचा होता.

सर कठड्याला टेकून उभे होते. थोड्या वेळानं पाहिलं तर पाठ करून चहाच्या टपरीकडं चालले होते. सराव सोडून जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मग गार्गीच्या डोक्यात जे यायला हवं होतं ते आलं. दोन-तीन दिवसांनी ती पट्ट्या बांधता बांधता म्हणाली, "तूही आता त्या बाजूनं उचलतोस, फेकतोस. मग मी जायचं कशाला? दोघंच सरळ होऊ या. चाचणी आपणच देऊ."

कुणी काही म्हणो, ते ऐकून मी तिच्या आधी रिंकवर उतरलो. राहिल्या होत्या फक्त शेजारी शेजारी मारायच्या उड्या. तिथं हातांचं काम नसतं. तिथं माणूस आपला आपण हवेत जातो आणि त्याचं अंग त्याला जसं फिरायचं तसं फिरवतं. ती उडाली, उतरली. मी उडालो आणि कमरेवर आपटलो. परत उडालो, परत आपटलो. आठवडाभर मी सगळं करून पाहिलं. साधी एका गिरकीची उडीसुद्धा त्या बाजूनं येईना. हवेत गेलो की अंग आपलं घड्याळाच्या दिशेनं निघायचं. माझे नितंब काळेनिळे झाले आणि गार्गी माझ्याकडे पाहायचं टाळायला लागली.

शेवटी सर मधे आले. "बस कर मियाँ. तू लिखता कौनसे हात से?"

"बायाँ, सर." मी डावखुरा आहे, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

सरांनी मान हलवली. "वो सीडी तेरे वास्तेच बनी थी रे. तेरेकु बराबर बैठ गई. मैं बच्ची कु बी तेरे पीछे घुमा दिया इत्ते साल." मग गार्गीकडे न पाहता म्हणाले, "माफ करना बेटा. मेरेकु मालूमच नहीं था."

"असं काय म्हणता सर," गार्गी म्हणाली. त्यानंतर जायचं की नाही, हा प्रश्नच उरला नाही. ते ठरून गेलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. ती गेली, चाचणीत ती जोडी पहिली आली, भारताकडून बाहेर जाऊन खेळली. पदक नाही आलं, पण तिथंही तिच्या उतरण्याला आवाज नव्हता, हे मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर ऐकलं. आता ती औषधांच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि फोनवर अजूनही छापील बोलते. मला उलटी फिरणारी मुलगी पुन्हा मिळाली नाही. वर्षभर वाट पाहिली, मग शिकवायला लागलो. नवं मूल आलं की मी त्याला बूट घालू देत नाही. अनवाणी उभं करतो आणि मागून हाक मारतो. ते कुठल्या बाजूनं वळतं, एवढंच पाहतो. पालकांना वाटतं, सर जरा विचित्र आहेत.

पण मला खरं सांगायचंय ते गार्गीच्या निघण्याच्या आदल्या दिवसाचं. सकाळचा सराव संपला होता. वकीलकाका तिला न्यायला येऊन बाकावर बसले होते, वर्तमानपत्राशिवाय. गार्गी म्हणाली, "एकदा आपला प्रोग्रॅम करू या. आपल्या बाजूनं. शेवटचा."

सरांनी संगीत लावलं. सुरुवातीची पावलं छान झाली. त्या पावलांना बाजू नसते. मग लिफ्टची जागा आली. मी नेहमीसारखा हात पुढं केला. हजारदा तिनं तो न पाहता धरलेला. ती आली आणि दुसरीकडं वळली. माझा हात तसाच राहिला.

"सॉरी, सॉरी," ती हसली. "पुन्हा."

पुन्हा संगीत, पुन्हा तीच जागा. ती पुन्हा दुसरीकडं वळली. तिसऱ्या वेळी तिनं डोळे माझ्या हातावर रोखले, घट्ट धरला, मी उचललं. मी आमच्या बाजूनं फिरायला लागलो आणि वर ती तिच्या बाजूला झुकली. मी तिला खाली घेतलं. सरांनी संगीत बंद केलं.

ती रिंकच्या मध्ये उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. पडल्यावर न रडणारी मुलगी, म्हणून तिला निवडलं होतं. "मला येत नाहीये, बालाजी," ती म्हणाली. "काही केल्या आठवतच नाहीये."

"मग झालं की," मी म्हणालो. "पक्की झालीस. जा आता."

ती बूट काढून, सरांच्या पाया पडून, काकांच्या मागं निघून गेली. मी बूट काढले नव्हते. रिंक रिकामं होतं, म्हणून एक चक्कर मारली, घड्याळाच्या दिशेनं. अर्ध्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कडेनं फिरतोय, शेजारी एका माणसाची जागा सोडून.